नव्या सायकलवर बसायचं नसतं

परवा आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या पोरानं नवी सायकल घेतली आणि पिंपरी कॅम्पापासून चिंचवडपर्यंत ती हातात धरून आणली. भर उन्हात. स्वतः घामाघूम, मागून येणारा बाप घामाघूम, आणि मधे ती कोरी करकरीत सायकल. दारात त्याच्या आईनं चाकांवर पाणी घातलं, हँडलला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग कुठे तो पहिल्यांदा सीटवर बसला. मी म्हटलं, "का रे, बसून का नाही आलास?" तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अभद्रच बोलले.

"काकू, नव्या सायकलवर पहिल्या दिवशी बसायचं नसतं."

"का?"

"नसतं बसायचं. रीत आहे."

रीत आहे खरी. आमच्या चाळीत, मागच्या गल्लीत, पार वाल्हेकरवाडीच्या रस्त्यापर्यंत आहे. फक्त ती कुणी पाडली आणि का पाडली हे त्या पोराला ठाऊक नाही, त्याच्या बापालाही नसावं. मला ठाऊक आहे. म्हणूनच कुणी नवी सायकल अशी हातात धरून दारावरून नेली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. लाज खरं तर माझी नाही, पेडणेकर भावोजींची आहे. पण ती आम्ही दोन्ही घरांनी मिळून इतकी वर्षं झाकली, की आता कुणाची किती हे वेगळं काढता येत नाही.

मुकुंद पेडणेकर आमचे शेजारी. भिंतीला भिंत. त्यांच्या घरात फोडणी पडली की ठसका आम्हाला लागायचा. ते आणि आमचे हे एकाच कंपनीत. हे फिटर, आणि पेडणेकर इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार झालेला भाग मोजून बघायचा आणि चुकला असेल तर त्यावर लाल रंगाचा फराटा ओढून बाजूला टाकायचा. हे काम काही माणसं पोटासाठी करतात. पेडणेकर जन्मजात करत होते. संध्याकाळी चहाला आले तरी आधी दाराकडे बघायचे. "वहिनी, वरची बिजागरी सुटायला लागलीय." कपाकडे बघायचे. "कानाला चीर आहे, सांभाळून." चाळीतली पोरं त्यांना तोंडावर काका आणि मागे 'रिजेक्टकाका' म्हणायची, आणि हे त्यांना माहीत होतं, आणि मला वाटतं मनातून आवडतही होतं.

अंगानं काटकुळे, उंचीला बेताचे. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. कानावर पेन्सिल. हातात छत्री, मग मार्गशीर्ष असो की वैशाख. आणि पॅन्टच्या दोन्ही पायांना, घोट्यापाशी, सायकलवाले लावतात तशा पत्र्याच्या क्लिपा. त्या क्लिपा इतक्या रोजच्या झाल्या होत्या की ह्या माणसाकडे सायकलच नाही, हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही. ते कंपनीत चालत जायचे आणि चालत यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दिवसभर एका जागी उभा असतो. तेवढेच पाय मोकळे होतात."

सायकलीशी त्यांची गाठ घालून दिली ती आमच्या ह्यांनी. हे कंपनीत पर्मनंट झाले तेव्हाची गोष्ट. त्या दिवसांत आमच्या भागात पर्मनंट झालेला माणूस आधी सायकल घ्यायचा आणि मग लग्नाचं बघायचा. आमचं लग्न आधीच झालेलं, त्यामुळे सायकलच राहिली होती. माल पारखणारा माणूस शेजारी असताना एकट्यानं कशाला जायचं, म्हणून हे पेडणेकरांना घेऊन कॅम्पात गेले. मी पण गेले होते, आमचा राजू कडेवर होता.

दुकानदार सिंधी सेठ, बोलायला गोड. त्यानं एक चकचकीत सायकल पुढे केली. पेडणेकरांनी खिशातून काडेपेटी काढली. सेठला वाटलं विडी ओढणार. त्यांनी एक काडी काढून रिमच्या कडेला टेकवून धरली आणि चाक फिरवलं. काडी आणि रिम यांच्यात कधी फट दिसायची, कधी मिटायची. "चाक आऊट आहे," म्हणाले. "दुसरी दाखवा." दुसरीला पेडल घासत होतं. तिसरीच्या पुढच्या चिमट्यावर, रंगाखाली, केसाएवढी चीर त्यांनी नखानं शोधून काढली. सेठनं हात जोडले.

"इन्स्पेक्टर साब, पुलिस भी इतना नहीं देखती!"

चौथी पसंत पडली. आमचे हे इतके खूश झाले, की भर रस्त्यात सायकलचं हँडल त्यांनी पेडणेकरांच्या हातात दिलं. हे मावळातले. बोलणं तसंच राहिलं शेवटपर्यंत. म्हणाले, "राव, आज मान तुमचा. तुमीच बसा. आमी येतो मागनं चालत."

पेडणेकरांनी हँडलवरून हात फिरवला. सीट दाबून बघितली. मग म्हणाले, "नको शिंदे. आमच्याकडे कोकणात नव्या सायकलवर पहिल्या दिवशी बसत नाहीत. हातात धरून घरी न्यायची, पूजा करायची, मगच बसायचं."

देवाधर्माचं काही निघालं की आमच्या ह्यांची बोलती बंद. आम्ही सगळे चालत आलो. मालतीवहिनींनी, म्हणजे पेडणेकरांच्या बायकोनं, ताट आणलं. वहिनी सायकलला कुंकू लावताना नवऱ्याकडे बघतही नव्हत्या. पुढे कितीतरी दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "आमच्या गावात कसली रीत! आमच्या गावात सायकलच नव्हती. नुसत्या चढणीच्या घाटी आणि चिंचोळ्या पाणंदी. चालवणार कुठे?"

त्या दिवसापासून पेडणेकर चाळीचे सायकलमास्तर झाले. कुणाला सायकल घ्यायची असली की आधी त्यांच्या ओट्यावर हजेरी. ते 'किती खर्च करणार' हे कधीच आधी विचारत नसत. पहिला प्रश्न, "डबा कुठे टांगणार?" दुसरा, "घरात ठेवणार कुठे?" तिसरा, "मागे कोण बसणार?" उत्तरं ऐकून झाली की मग बोलायला लागायचे. मडगार्ड पुरतं हवं, अर्धं नको, पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन कामावर जायचं नसतं. कॅरिअर जाड सळईचं हवं. ब्रेक साधे हवेत. "जिचा पार्ट भोसरीच्या कोपऱ्यावर मिळत नाही, ती सायकल आपली नाही." आणि सगळ्यांत आवडतं वाक्य, "सायकल थांबल्यावर कशी आहे ते बघा. चालताना सगळ्याच बऱ्या. थांबल्यावर पाय टेकला पाहिजे."

गजानन नावाचा मराठवाड्यातला एक पोरगा होता, नुकताच लागलेला. त्याला खाली वाकलेल्या हँडलची हिरवी सायकल हवी होती, शर्यतीतली असते तशी. पेडणेकर म्हणाले, "तुला शर्यत गाठायचीय की फर्स्ट शिफ्ट?" पोरगं ऐकेना. "बरं," म्हणाले, "उद्या दुकानात येताना डबा भरून आण. वरण पातळ असू दे." दुसऱ्या दिवशी त्यांनी तो डबा त्या वाकड्या हँडलला अडकवला आणि गजाननला म्हणाले, आता दुकानाला एक फेरी मार. फेरी पुरी व्हायच्या आत डबा गुडघ्यावर आपटून वरण पॅन्टभर. सेठ हसून हसून गल्ल्यावर पडला. गजाननानं निमूट काळी, उभ्या हँडलची सायकल घेतली आणि बरीच वर्षं वापरली. ती सायकलही त्यानं पेडणेकरांच्या बरोबर हातात धरून, चालत घरी नेली.

प्रत्येक नवी सायकल अशीच घरी यायची. पुढे पेडणेकर, छत्री काखेत, एक हात हँडलवर. मागे मालक आणि त्याचं खटलं. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काय, पंक्चर का?" आणि पेडणेकर मानेनंच नाही म्हणायचे, जसं काही हे विचारणारे रीतभात न कळणारे लोक.

आता मागे वळून बघितलं की सगळं उघड दिसतं. कंपनीत जाताना चाळीतला कुणीही त्यांना म्हणायचा, "या काका, डबलसीट." ते कधी बसले नाहीत. "माझं वजन तुझ्या रिमला झेपायचं नाही," म्हणायचे. काटकुळा माणूस! आम्ही हसायचो. पण डबलसीट जायचं तर आमच्याकडे पद्धत होती, अर्ध्या वाटेत जागा बदलायची. आधी एकानं चालवायची, मग दुसऱ्यानं. मागे नुसतं बसून राहणारा माणूस फुकट्या ठरायचा. ती अर्धी वाट आली असती तर पेडणेकरांनी काय केलं असतं? म्हणून ते पूर्ण वाट चालायचे.

राजू तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता. चाळीमागे दगड-विटांचा ढीग पडलेला असायचा, कुठली ना कुठली भिंत कायम चढत असायची. दुपारची वेळ. ह्यांच्या पाठीत उसण भरली होती म्हणून हे सायकल घरी ठेवून कंपनीच्या बसनं फर्स्ट शिफ्टला गेलेले. पेडणेकरांची सेकंड शिफ्ट, निघायच्या तयारीत होते. आणि राजू किंचाळत आला. पायाच्या बोटाला विंचू डसला होता. तांबडा विंचू. चाळीतल्या रखमाबाईंनी तो विटेखाली बघितला आणि तोंडाला पदर लावला, कारण तांबड्या विंचवानं लहान पोरं जातात हे सगळ्यांना माहीत होतं.

पोराला घाम फुटला, ओकारी आली, हातपाय गार पडायला लागले. मी त्याला मांडीवर घेऊन ओरडले, "भावोजी, ह्यांची सायकल घ्या आणि डॉक्टरांना आणा! बसा आणि सुटा!"

पेडणेकर धावले. सायकल भिंतीपासून ओढली, फाटकातून बाहेर काढली. पुढचं मला दिसलं नाही. माझं लक्ष पोराच्या तोंडाकडे.

वेळ किती गेला ते मला सांगता येणार नाही. आईला अशा वेळी घड्याळ दिसत नाही. डॉक्टर आपल्या स्कूटरवरून एकटेच आले, राजूला इंजेक्शन दिलं, नाडी धरून बसले. मग हळूहळू पोराच्या कपाळावरचा घाम निवला. डॉक्टर म्हणाले, "आता घाबरू नका. वाचला." दारात जमलेल्या बायांनी एकदम सुस्कारा सोडला. आणि डॉक्टर हात पुसत, सहज, वाईट असं काही मनात न ठेवता म्हणाले, "तो निरोप घेऊन आलेला माणूस कोण हो? सायकल हातात धरून पळत आला! म्हटलं, बसून का नाही आलात? तर म्हणे पंक्चर आहे. अहो, पंक्चर आहे तर सायकल टाकून पळायचं ना!"

तेवढ्यात पेडणेकर फाटकातून आत आले. शर्ट अंगाला चिकटलेला, छत्री कुठे पडली होती कुणास ठाऊक. हातात आमची सायकल. बायांच्या डोक्यावरचं ओझं नुकतंच उतरलेलं, त्यामुळे हसू कुठूनही फुटायला तयार होतं. रखमाबाई म्हणाल्या, "अवो भावोजी, तुमी सायकलवर बसला व्हता का सायकल तुमच्यावर?"

सगळ्या हसल्या. पेडणेकरही हसले. त्यांच्या पॅन्टच्या क्लिपा जागच्या जागी होत्या. माझी नजर त्या क्लिपांवर गेली, मग सायकलच्या चाकावर गेली. चाक टणक होतं. दगडासारखं टणक. आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. कोकणातली रीत कळली, डबलसीट कळलं, रोजचं चालणं कळलं. इतकी लाज वाटली मला, त्यांच्याकडे बघवेना. भर चौकात एखाद्याचं धोतर सुटावं आणि आपण समोर असावं, तसं झालं.

हे कामावरून आले. राजूला बघितलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, सगळी हकीकत ऐकली. 'पंक्चर' ऐकल्यावर उठून बाहेर निघाले. आमचे हे म्हणजे कुणाची टोपी उडवायची संधी सोडणाऱ्यांतले नव्हेत. कंपनीत सुपरवायझरची नक्कल करून दोनदा मेमो घेतलेला माणूस. मला धास्ती, आता हे ओट्यावर जाऊन चारचौघांत पेडणेकरांची खोड काढणार. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हे सायकलपाशी गेले. टायर अंगठ्यानं दाबलं. जरा थांबले, इकडेतिकडे बघितलं, खाली बसले, आणि वॉल्व सैल केला. सुस्स करून सगळी हवा गेली.

आत आल्यावर मी विचारलं, "हे काय केलंत?"

"पंक्चर हाय म्हनला ना त्यो?" चहाचा कप उचलत हे म्हणाले. "मग हाय पंक्चर."

संध्याकाळी पेडणेकर पंप, सोल्युशन आणि रबराचे तुकडे घेऊन आले. शिफ्ट त्यांनी बुडवली होती. "शिंदे, ते पंक्चर काढून ठेवतो," दारातूनच म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला गलबलून आलं. ह्यांचं टायरकडे लक्ष जायच्या आत नसलेलं पंक्चर काढल्यासारखं करायचं, एवढाच बिचाऱ्यांचा बेत. ते सायकलपाशी उकिडवे बसले आणि सवयीनं अंगठा टायरवर ठेवला. अंगठा आत गेला.

मी खिडकीत होते. मला त्यांचं तोंड दिसत होतं. आयुष्यभर माल तपासलेला माणूस, त्याला काय कळायचं राहिलं होतं? त्यांनी वॉल्वला हात लावून बघितलं. तो सैल होता. बराच वेळ ते तसेच बसून राहिले, पंप मांडीवर घेऊन, मान खाली घालून. आपलं खोटं कुणीतरी खरं करून ठेवलंय, म्हणजे ते कुणाला तरी कळलंय. उघडे पडले असते तर एकदाच पडले असते. हे त्याहून वाईट होतं.

आतून ह्यांनी हाक दिली, "पंक्चरच हाय ना हो, राव?"

"होय," पेडणेकर म्हणाले. "बारीकसं आहे."

आणि मग त्यांनी टायर उतरवलं, ट्यूब बाहेर ओढली, चांगली धडधाकट ट्यूब कानशीनं घासली, सोल्युशन लावलं, आणि तिच्यावर रबराचा तुकडा चिकटवला. नीट, गोल कापून, कडा दाबून. चुकलेल्या मालावर फराटा ओढणाऱ्या त्या माणसाला मी चांगल्या मालाला ठिगळ लावताना बघितलं. हवा भरली, हात पुसले आणि गेले. चहाला थांबले नाहीत.

त्या रात्री भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. घरात ते कधी मालवणीत बोलत नसत, मालतीवहिनीच बोलायच्या. त्या दिवशी ते बोलत होते. "माका सायकल येणा नाय, आणि शिंद्यांचो झील गेलो आसतो तर? गेलो आसतो तर गो?" वहिनी काहीतरी समजावत होत्या. हे अंथरुणावर जागेच होते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले आणि डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, की उशीर झाला नव्हता, पोर ठणठणीत आहे. पेडणेकरांनी ऐकून घेतलं. मान हलवली. राजू अंगणात पळत होता, त्याच्याकडे बघितलं, आणि आत निघून गेले. पटलेलं नव्हतं. त्यानंतर सायकल बघायला चला म्हणून कुणी आलं की ते म्हणायचे, "माझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. तुम्हीच बघा." लोक जायचे, स्वतःच सायकली घ्यायचे, आणि हातात धरून घरी आणायचे. माणूस मागे सरला, पण त्यानं पाडलेली रीत रोज त्याच्या दारावरून जायची, घंटी वाजवत. पेडणेकर मग दार लोटून घ्यायचे.

असंच चाललं असतं, पण मला भोसरीच्या एका शाळेत नोकरी लागली. बस भरवशाची नव्हती. लग्नाआधी मी साताऱ्याला सायकल चालवत होते, तेव्हा सायकलच घ्यायची ठरली. हे म्हणाले, "जेन्स घेऊ, दोघांस्नी व्हईल." मी म्हटलं, नऊवारी नेसत नसले तरी साडी नेसते, दांड्यावरून टांग टाकून भोसरीला जायची नाही. तेव्हा ठरलं, लेडीज. आणि मी सरळ पेडणेकरांच्या दारात गेले.

"भावोजी, माझ्यासाठी सायकल बघायला चला."

"वहिनी, माझी नजर…"

"तुमच्या नजरेचं मला सांगू नका. काल माझ्या कपाची चीर दिसली तुम्हाला. चला."

आले. क्लिपा न लावता आले, हे माझ्या लक्षात आलं. सेठनं उठून नमस्कार केला. पेडणेकरांनी काडी काढली नाही, सवालजबाब नाहीत, नुसते सायकलींच्या रांगेतून फिरले. मग एका काळ्या लेडीज सायकलपाशी थांबले. दांडा खाली उतरता, मागच्या चाकावर साडी अडकू नये म्हणून जाळी, पुरतं चेनकव्हर, बसकं सीट. हळूहळू त्यांच्यातला जुना माणूस जागा झाला. ही घ्या, म्हणाले, हिचा वेग कमी आहे पण हिच्यावर पिशव्या राहतात. हिला कुणी शर्यतीला नेणार नाही. रोजची आहे. बोलता बोलता उंची दाखवायला ते स्वतःच तिच्यावर बसले. पाय उचलावाच लागला नाही, नुसते आत शिरले, आणि दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकली.

त्यांनी खाली पावलांकडे बघितलं. हँडल दोन्ही हातांत धरलं. आणि मला म्हणाले, अगदी हळू, "यावरनं पडायला होत नसेल, नाही वहिनी?"

मी म्हटलं, "नाही. पाय टेकतात ना."

सेठ हसायच्या बेतात होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं बिल लिहायला घेतलं. एका पुरुषानं लेडीज सायकलवर बसून असं विचारावं, ते दिवस तसे नव्हते. आम्ही ती सायकल हातात धरून घरी आणली. मला चालवता येत होती, तरी आणली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मालतीवहिनी माझ्याकडे आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "वहिनी, सकाळची तुमची सायकल जरा द्याल? आमच्या भाचीला शिकायचीय." मी म्हटलं, खुशाल न्या. ती भाची मी कधी बघितली नाही. सकाळी उजाडायच्या सुमाराला सायकल जायची आणि माझ्या शाळेच्या वेळेआधी यायची, पुसून स्वच्छ. पण मागच्या जाळीला एकदा बाक आला, घंटीची टोपी एकदा चेपली. त्याच सुमाराला पेडणेकरांच्या कोपराला पट्टी आली. कंपनीत त्यांनी मोरीत पाय घसरला म्हणून सांगितलं.

आमचे हे घरी आल्यावर म्हणाले, "मोरीत पडल्यावर कोपर फुटतं, बराबर हाय. पन मोरीत मुरूम कुठनं आला? सगळ्या पॅन्टला मुरूम लागलावता त्याच्या."

"बाहेर बोलू नका," मी म्हटलं.

"येडी का काय तू," हे म्हणाले.

कळलं सगळ्यांनाच असणार. मुरमाच्या माळावर कुणी ना कुणी सकाळचं जातंच. पण चाळीत ह्या विषयावर एकही शब्द निघाला नाही, रखमाबाईंच्या तोंडूनसुद्धा नाही, आणि त्या बाईच्या तोंडाला कुलूप मी तेवढं एकदाच बघितलं.

पेडणेकर रिटायर झाले आणि मोशीला थोडी जागा घेऊन तिकडे राहायला गेले. जाताना वहिनींनी माझी सायकल मागून घेतली. "भाचीसाठी." माझी तोवर घराजवळच्या शाळेत बदली झाली होती, मी देऊन टाकली. निरोप घेताना पेडणेकर सायकलकडे बघत नव्हते. टेम्पोत सामान चढवलं, शेवटी ती सायकल चढवली, तिच्यावर एक चादर टाकली.

शेवटचे दिसले ते मोशीलाच. राजूची शिकाऊ कामगार म्हणून निवड झाली होती, त्याचे पेढे घेऊन मी गेले होते. बसमधून उतरले आणि इंद्रायणीच्या बाजूनं येणाऱ्या रस्त्याला लागले, तर समोरून एक सायकल येत होती. सावकाश, पण सरळ. पुढे पेडणेकर, पिकलेले केस वाऱ्यावर, काहीतरी गुणगुणत होते. मागे कॅरिअरवर मालतीवहिनी, मांडीवर भाजीची पिशवी. त्या मागे बसून त्यांना काहीतरी सांगत होत्या आणि ते मान मागे न वळवता हसत होते. मी जागीच थांबले. इतकी वर्षं शेजार केला, पण त्या माणसाचं असं तोंड मी कधी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी मला बघितलं.

ब्रेक लागला. दोन्ही पाय टेकले. वहिनींना उतरावं लागलं. पेडणेकर उतरले, एक हात हँडलवर ठेवून उभे राहिले, आणि त्यांचं तोंड पडलं, त्या दिवशी पंप मांडीवर घेऊन बसले होते तसंच. मला कळलं का ते. आता येतं म्हणायचं, तर तेव्हा येत नव्हतं हे म्हणावं लागतं. आणि ते कुणासमोर? राजूच्या आईसमोर. माझ्या हातात त्याच राजूचे पेढे.

"नवी आहे, वहिनी," पेडणेकर एकदम म्हणाले. "आत्ताच घेतली. घरी नेतोय."

चेपलेल्या टोपीची घंटी. बाक आलेली जाळी. माझीच सायकल.

मी म्हटलं, "छान आहे हो भावोजी. चला, मी पण येते बरोबर."

आणि आम्ही चालायला लागलो. ते पुढे, एक हात हँडलवर, आम्ही दोघी मागे. वाटेत मी राजूचं सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते. थांबून त्यांनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही, मुठीत धरून ठेवला. "पाय कसा आहे त्याचा?" एवढंच विचारलं. विंचू डसला होता तो पाय. मी म्हटलं, "फुटबॉल खेळतो."

घर आलं. पेडणेकरांनी सायकल दारात स्टँडवर लावली आणि तिथेच उभे राहिले, काय करावं न कळून. मालतीवहिनी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि ताटलीत हळदकुंकू. त्यांनी दोन्ही चाकांवर पाणी घातलं. मग हँडलपाशी आल्या. तिथे जुनं कुंकू वाळून काळं झालं होतं, माझ्या हातचं, सायकल कॅम्पातून आणली त्या दिवशीचं. वहिनींनी त्याच्यावरच नवं लावलं.

"आता बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

पेडणेकर मान खाली घालून उभे होते. बसले नाहीत. मी ओट्यावरची चप्पल पायात सरकवली, येते म्हटलं, आणि बसथांब्यापर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही, म्हणजे त्यांना बसता यावं.